गौण कोण?

(देगलूरच्या युवक शिबिरातलं भाषण)



सरकारी भाषेत एक शब्द आहे : गौण खनिज. १९५७ च्या खनिज कायद्यानं बांधकामाचा दगड, साधी माती, साधी वाळू या रांगेत बसवली. लोखंड, मँगनीज ही प्रमुख. म्हणजे उतरंड दगडधोंड्यातही आहे! आपल्या देगलूर-बिलोलीच्या वाट्याला काय आलं? मांजरेची वाळू आणि माळावरचा काळा दगड. दोन्ही गौण.

ह्या शब्दाची किंमत बघा. मँगनीजच्या खाणीवर नजर ठेवायला भारतीय खाण ब्युरो आहे, १९४८ पासून. मुख्यालय नागपुरात, आपल्या दीक्षाभूमीच्या शहरात. तिथल्या खाणवाल्याला २००३ पासून खाण बंद करायचा आराखडा द्यावा लागतो : खड्ड्याचं काय करणार, झाडं कुठं लावणार. वर हमीची रक्कम. आपली वाळू मात्र कलम १५ नं राज्याकडं, म्हणजे शेवटी तहसीलकडं. तिथं एक तलाठी, आणि नदीत रात्रभर हायवा.

मजुराचंही तेच. १९५२ च्या खाण कायद्यानं दगड-मुरमाच्या उघड्या खदानीला सूट ठेवली होती : खोली सहा मीटरच्या आत, मजूर पन्नासाच्या आत, सुरुंग नाही, तर बहुतेक कलमं लागू नाहीत. हजेरीवर एकोणपन्नास नावं लिहायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या वस्तीमागं अशी एक खदान हाय. मालक दगड घेऊन गेला, खड्डा आम्हाला ठेवून गेला. पावसाळ्यात भरतो. बाया धुणं धुतात, पोरं उड्या मारतात, आया काठावर उभ्या. कुंपण नाही, पाटी नाही.

कोणी लढतच नाही असं नाही. १९८६ साली उभी राहिलेली गोवा फाउंडेशन वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तिथले ८८ खाणपट्टे रद्द केले. वाळूसाठी लढणाऱ्या सुमैरा अब्दुलली यांच्यावर २००४ साली किहीमला हल्ला झाला, तरी त्या हटल्या नाहीत, हायकोर्टात गेल्या. २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, पाच हेक्टराच्या आतल्या गौण खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल. हे कळायला पंचावन्न वर्षं गेली.

त्यांच्याकडं वकील आहेत, इंग्रजी आहे. आपल्याकडं काय? महसूल संहितेचं कलम ४८(७) : चोरलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. आणि २००५ चा माहिती अधिकार.

एक सांगतो, काहींना आवडणार नाही. 'खदान बंद करा' ही घोषणा मी देणार नाही. वडाराची चूल तिच्यावर पेटते. खोदलं त्यानं भरावं, आणि भरायची मजुरी फोडणाऱ्याच हातांना मिळावी, ही मागणी.

रविवारी सकाळी आठला लेंडीच्या पुलाजवळ जमा. मंजूर खोली किती, हे विचारणारा अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या तुमच्या. खड्डा मोजायचाय. टेप मी आणतो, दोर कोणीतरी आणा.