ब्लिदाच्या इस्पितळातील फसलेला प्रयोग



मार्टिनिक बेटावर जन्मलेला कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन १९५३ साली अल्जिरियातील ब्लिदाच्या इस्पितळात रुजू झाला. त्या वेळी अल्जीयर्सचे प्राध्यापक अंत्वान पोरो आणि त्यांचे शिष्य एक सिद्धांत शिकवीत असत : अरब उपजतच आदिम व हिंसक असून त्याच्या मेंदूचा विवेकाचा भाग दुबळा असतो. ज्यांच्या सुपीक जमिनी फ्रेंच वसाहतकारांनी बळकावल्या, त्यांच्या संतापाचे मूळ मेंदूत सापडले की जमिनीचा हिशेब देण्याचे कारण उरत नाही. शास्त्राची ही सोय मोठी होती.

फॅननला हा सिद्धांत अमान्य होता. तरीही चूक त्याच्याच हातून झाली, आणि ती अधिक बोधप्रद आहे. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात त्याने सभा, वृत्तपत्र, चित्रपट, सण सुरू केले. रुग्ण बोलू लागले. तोच कार्यक्रम २२० मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात नेला, तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पोरोंचा शिष्य येथे ‘आदिम मन’ असे लिहून मोकळा झाला असता. फॅनन व त्याचा सहकारी जाक आझुले यांनी १९५४ साली स्वतःचीच झडती घेतली. डॉक्टरांना अरबी येत नव्हती. दुभाष्या समोर आला की रुग्णाला कोर्टकचेरी आठवे. वृत्तपत्र निरक्षरांसाठी होते, सण ख्रिस्ती होते. परक्याच्या घरात रुग्णाने रमावे, ही अपेक्षाच वसाहतवादी होती. (शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांना हा अनुभव अगदीच अपरिचित नसावा.) मग वॉर्डात मूरिश पद्धतीचे कॉफीगृह उघडले, मुसलमानी सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी आला, आणि वॉर्ड हळूहळू जागा झाला.

पण इस्पितळाच्या भिंतीबाहेर १९५४ च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्ययुद्ध पेटले. छळ सोसलेले उपचाराला येत, तसे छळ करणारेही येत. एक युरोपीय पोलीस अधिकारी घरी बायकामुलांना मारू लागला होता. कैद्यांचा छळ करण्याची नोकरी सोडण्याचा त्याचा विचार नव्हता. ती शांत मनाने करता यावी, एवढेच त्याला डॉक्टरांकडून हवे होते.

१९५६ साली फॅननने निवासी मंत्री रोबेर लाकोस्त यांच्याकडे राजीनामा धाडला. स्वतःच्याच देशात ज्याला कायमचे परके केले आहे, त्याला याच व्यवस्थेत रुळवण्याचे काम त्याला करावयाचे नव्हते. १९५७ च्या जानेवारीत त्याला अल्जिरियातून हद्दपार करण्यात आले.