चाकाच्या खुर्चीसकट झोपाळ्यावर



अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात गॉर्डन हार्टमन राहतात.
त्यांची मुलगी मॉर्गन दिव्यांग आहे.

एकदा सुट्टीत ती पोहण्याच्या तलावावर गेली.
पाण्यात मुलं खेळत होती.
तिला त्यांच्यात खेळायचं होतं.
मुलं मात्र पाण्यातून निघून गेली.

बापाच्या मनाला ते लागलं.

2010 साली, एका जुन्या खाणीच्या जागेवर, त्यांनी बाग सुरू केली.
नाव, मॉर्गन्स वंडरलँड.

इथे खेळच मुलापाशी येतो.

झोपाळ्यावर व्हीलचेअरसकट चढता येतं.
चक्रीपाळण्यात घोड्यांच्या जोडीला रथ आहेत.
व्हीलचेअर रथात न्यायची.
मग घोड्यांबरोबर रथही वरखाली होतो!

2017 साली शेजारीच पाण्याची बाग झाली.
तिथे अडचण वेगळी.
बॅटरीची खुर्ची पाण्यात नेता येत नाही.
म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी खास खुर्ची बनवली.
ती चालते दाबून भरलेल्या हवेवर.
थंडी न सोसणाऱ्या मुलांसाठी पाणी कोमटही करता येतं.
म्हणजे पुन्हा तेच, खेळ मुलापाशी येतो.

दिव्यांग पाहुण्याला तिकीट नाही.
धडधाकट मुलंही इथे येतात.
खरी गंमत तीच, कारण मॉर्गनला सवंगडीच हवे होते.

आपल्याकडेही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ आणि करमणुकीची तरतूद आहे.

श्रोतेहो, आज संध्याकाळी आपल्या बागेत एक चक्कर मारा.
फाटकातून व्हीलचेअर आत जाते का, बघा.
जात नसेल, तर नगरपालिकेला अर्ज द्या.