गोधडी आणि सम्यक आजीविका
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या वक्त्यांना बोलावतो. यंदा समितीने आम्हालाच बोलायला उभे केले आहे. आम्ही काही वक्त्या नाही. आम्ही पाच जणी गोधड्या शिवतो. त्या कशा शिवतो आणि त्यापायी घरात काय काय झाले, एवढेच सांगणार आहोत. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आपल्या पिंपरी-चिंचवडची घरे तुम्हाला ठाऊक आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी झाली आणि गावोगावची आपली माणसे पोटासाठी इथे आली. कंपन्या वाढल्या, आपल्या खोल्या मात्र दहा बाय दहाच राहिल्या. त्याच खोलीत सासू-सासरे, दीर, मुले, गॅस, कपाट आणि दप्तरे. त्यात आम्ही शिलाई मशीन आणून ठेवली.

पहिले भांडण आवाजावरून झाले. घरचा माणूस चाकणला थर्ड शिफ्ट करून सकाळी येतो नि झोपतो. त्याच्या उशाशी मशीन खडखडली की तो दचकून उठतो. त्याचा राग खोटा नव्हता. रात्रभर प्रेसवर उभे राहायचे आणि दिवसा झोप नाही, अशाने बोटे जायची वेळ येते. मग आम्ही आमचे कामही शिफ्टप्रमाणे लावले. सकाळी फक्त हातटाका. तो उठून जेवला की दुपारी मशीन. मुले शाळेतून आली की पसारा पेटीत. आणि चुलीजवळ कापड न्यायचे नाही, मग कितीही घाई असो.

दुसरी अडचण जागेची. गोधडी पूर्ण पसरल्याशिवाय तिचे थर सारखे बसत नाहीत, आणि खोलीत कॉट असल्यावर पसरणार कुठे? आम्ही भीतभीतच समितीकडे गेलो. समितीने दुपारचे दोन तास विहाराचे सभागृह दिले. अट एकच : माल इथे ठेवायचा नाही आणि संध्याकाळच्या वंदनेआधी झाडून घ्यायचे. ती अट आम्हाला पटली. विहार हे लोकांच्या दानातून उभे राहिले आहे, ते कुणाचे गोडाऊन नव्हे. थर अंथरून कच्चे टाके इथे घालतो, पक्के टाके घरी.

आता आमची चूक सांगतो. एका व्यापाऱ्याने बाळाच्या दुपट्यांची ऑर्डर दिली. लाल कापड न धुताच पांढऱ्याला जोडले. पहिल्याच धुण्यात रंग उतरला आणि सहा दुपटी परत आली. तेव्हापासून प्रत्येक कापड आधी भिजवतो, पांढऱ्या फडक्याने घासून बघतो, उन्हात वाळवतो, मगच कात्री लावतो.

त्याहून मोठी चूक हिशेबाची होती. सिंगल गोधडीला कापड आणि दोरा मिळून साडेतीनशे रुपये लागत. व्यापारी नऊशे देई. साडेपाचशे सुटले म्हणून आम्ही खूश! एकीच्या कॉलेजातल्या मुलीने वही घेऊन तास मोजले. चाळीस तास भरले. म्हणजे तासाला पावणेचौदा रुपये! त्या दिवशी कुणी काही बोलले नाही. घरात बसून केलेले काम बाईला स्वतःलाच काम वाटत नाही, म्हणून दुसऱ्यालाही वाटत नाही. आता तास लिहून ठेवतो आणि एकोणीसशेच्या खाली देत नाही. गिऱ्हाईक कमी झाले, हे खरे. पवनाथडी जत्रेसारख्या ठिकाणी पिशव्या आणि दुपटीच जास्त खपतात, गोधडी एखादीच जाते. पण जी जाते ती आमच्या भावाने जाते.

आणि आता जे सांगायला खरे तर उभ्या राहिलो ते. वस्तीतल्या एका वयस्कर आजींनी आम्हाला तोंडावर विचारले, "अगं, मढ्यावरचं लुगडं नेसून आमच्या आयांनी दिवस काढले. बाबासाहेबांनी त्यातून बाहेर काढलं. आणि तुम्ही पुन्हा चिंध्या घेऊन बसलात?"

आजींचा प्रश्न साधा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की आपला जुना पेहराव टाका, स्वच्छ राहा, कमीपणाच्या खुणा अंगावर बाळगू नका. ते आम्ही विसरलो का, असे मनात आले. चार दिवस सुई हातात धरवेना.

भंतेजींना विचारले. त्यांनी विनयपिटकातील महावग्गाची गोष्ट सांगितली. भगवंतांनी मगध देशातली बांध घातलेली शेते पाहिली आणि चीवर तसे करता येईल का, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर शिवले. आजही भिक्खूंच्या चीवरात तो शेताचा नमुना दिसतो. म्हणजे तुकड्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो दुसऱ्याने फेकलेले मुकाट्याने उचलण्यात. लादलेले वेगळे आणि स्वतः निवडलेले वेगळे.

तेव्हा आम्ही नियम केला. कुणाचे उतरलेले कपडे फुकट घ्यायचे नाहीत. कटपीस किलोवर विकत घ्यायचे. कुणाला आपल्या आईच्या साडीची गोधडी हवी असेल तर मजुरी ठरवून शिवायची. आजींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बघते." अजून बघताहेत. त्यांचे मन वळले असे आम्ही म्हणणार नाही.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीला. आमची मिळकत लहान, म्हणून भागही लहान. पण चौथा भाग दर महिन्याला बँकेत जातो, आणि पासबुकावर बाईचेच नाव आहे.

आपल्या शेजारी देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. एवढी मोठी पुण्याई आपल्या अंगणात आहे. त्या मानाने आमचे काम टाक्याएवढे. ज्या भगिनींना शिकायचे असेल त्यांनी दुपारी यावे, सुई-दोरा आम्ही देऊ. आणि बांधवांनो, घरी बाई शिवत बसली असेल तर "रिकामीच बसलीय" असे म्हणू नका, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!