सायकलींची रांग आणि इशाऱ्याचे शब्द

(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात खासबाग येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा प्रघात आहे. परंतु ज्याला ते पटलेले नाही असा मनुष्य या मंडपात आला असेल असे मला वाटत नाही. तेव्हा तो विषय मी सोडून देतो. चिटणीसांनी दिलेला वेळ मी एका लहान दिसणाऱ्या गोष्टीसाठी वापरणार आहे. आपली मुले दहा-वीसच्या टोळीने सायकलीवर निघतात. कधी शाळेला, कधी शिकवणीला, सुटीच्या दिवशी येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगडाकडे. अशा वेळी पुढच्याने मागच्याला काय सांगावे आणि कसे सांगावे, एवढाच माझा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठ-दहा मुले एकामागे एक येत होती. पाण्याने भरलेला खड्डा पहिल्याला दिसला, तो 'खड्डा!' म्हणून ओरडला. दुसऱ्याने खड्डा चुकवला, तिसऱ्यानेही चुकवला, आणि चौथी मुलगी सरळ त्यात गेली. पावसाचा मारा, शेजारून जाणारी बस, पहिल्याचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात, आणि तोही लिहिण्याचा. मी तिसऱ्या मुलाला विचारले, "तू का नाही सांगितलेस?" तो अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, मी चुकवला ना!"

मुलगा वाईट नव्हे. त्याच्या हिशेबी खड्डा संपला होता. पण रांगेत खड्डा संपतो तो शेवटचे चाक पलीकडे गेल्यावर. एकट्याने सायकल चालविणे आणि रांगेत चालविणे यांतला सारा फरक एवढाच आहे, आणि तो मुलांना आपोआप कळत नाही, शिकवावा लागतो. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीतल्या मुलींना, आणि नंतर मुलांनाही, फुकट सायकली दिल्या तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा सायकल आली. फार चांगले काम झाले. पण रांगेत चालण्याची रीत काही सायकलीबरोबर येत नाही.

थोडे गणित करू. शिक्षकाला गणितावाचून भाषण करता येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. मुलगा बऱ्यापैकी वेगात, म्हणजे तासाला १८ किलोमीटर गेला, तर तो सेकंदाला बरोबर ५ मीटर जातो. पुढचे दिसून हात ब्रेकवर आवळला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. दोन सायकलींमध्ये अंतर ठेवले ३ मीटर. म्हणजे पुढच्याने अचानक सायकल थांबविली, तर मागच्याचा ब्रेक लागण्यापूर्वीच तो पुढच्यावर आदळलेला असतो. मागच्याचे डोळे कितीही चांगले असोत, त्याला पुढच्याची पाठ दिसते, रस्ता दिसत नाही. त्याचा रस्ता पुढच्याच्या तोंडात आणि हातात आहे.

हाताच्या खुणा खासबाग-वडगावच्या लोकांना मी शिकवायला हव्यात असे नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. तिथे काम हाताच्या आणि डोळ्यांच्या खुणांवरच चालते. रस्त्यावर तेच करायचे. खड्डा डावीकडे असेल तर डावा हात खाली करून, उजवीकडे असेल तर उजवा हात खाली करून बोट दाखवावे; आणि ते खड्ड्याशी पोहोचल्यावर नव्हे, पंधरा मीटर आधी, म्हणजे तीन सेकंद आधी. खडी किंवा वाळू पसरली असेल तर बोटे फाकून हात खाली हलवावा. डाव्या कडेला टेम्पो उभा असेल, किंवा रविवारच्या बाजारात भाजीवाली रस्त्यावर पुढे येऊन बसली असेल, तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे वळवावा. 'इकडून या' असा त्याचा अर्थ. वेग कमी करताना उजवा हात बाजूला काढून, तळवा खाली ठेवून, वरखाली हलवावा. थांबताना उजवा हात वर. वर्गात हात वर करायची सवय आहेच.

या शेवटच्या दोन खुणा मी माझ्या पदरच्या सांगत नाही. १९३१ साली ब्रिटनमध्ये रस्त्याच्या नियमांचे पहिले पुस्तक, हायवे कोड, निघाले. त्यात हाताच्या खुणांना मोठी जागा होती, कारण तेव्हाच्या मोटारींना आजच्यासारखे लुकलुकणारे दिवे नव्हते. आपल्याकडेही १९८९ च्या नियमांत त्या होत्या. मात्र त्यांत डावीकडे वळण्यासाठी उजवा हात बाहेर काढून गोल फिरवा असे होते. कारण मोटार हाकणारा उजवीकडे बसतो. त्याचा डावा हात बाहेर कोणाला दिसणार? सायकलवाल्याला ही अडचण नाही. त्याने डावा हात सरळ डावीकडे करावा, असे माझे मत आहे. तो मागच्या लहान पोरालाही समजतो.

हात सोडण्यात एक धोका आहे, तोही सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या मुठीचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, डाव्या मुठीचा मागच्या चाकाचा. उजवा हात वर गेला तर मागचा ब्रेक हाताशी राहतो, हे बरे. डावा हात सुटला तर नुसता पुढचा राहतो, आणि नुसता पुढचा जोरात दाबला की मनुष्य हँडलवरून पुढे. म्हणून आधी वेग कमी, मग खूण, आणि वळण्यापूर्वी दोन्ही हात परत मुठीवर. गडाच्या उतारावर तर हात सोडूच नये. तिथे तोंडाने सांगावे.

आता तोंडाचे. आपल्या रस्त्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा इशारा 'सांभाळ!' हा होय, आणि माझ्या मते तोच सर्वांत निरुपयोगी. काय सांभाळू? खड्डा, कुत्रे, का बस? ऐकणारा भांबावून मान वर करतो आणि नेमका खड्ड्यात जातो. इशाऱ्याने वस्तूचे नाव घ्यावे. 'खड्डा', 'खडी', 'कुत्रे'. टिळकवाडीत रेल्वेचे गेट ओलांडताना 'रूळ', म्हणजे मागचे चाक सरळ करून रूळ आडवे ओलांडतील. तिरके गेले तर चाक रुळाच्या फटीत धरले जाते.

शब्द कोणत्या भाषेतला, हा प्रश्न आपल्या गावात खरा आहे. माझ्या घरी दखनी, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. एकाच रांगेत 'थांब' म्हणणारा आहे, 'ठैरो' म्हणणारा आहे आणि 'निल्लु' म्हणणाराही आहे. मोठी माणसे यावर पुष्कळ भांडली आहेत. मुलांनी अर्ध्या मिनिटात निकाल लावला. ती म्हणाली, "सर, ब्रेक!" हा शब्द तिघांचाही. मी 'सावकाश' सुचविला होता. तो मराठीला आणि इकडच्या कन्नडला दोन्हीकडे चालतो. मुलांनी तो नाकारला, कारण म्हणेपर्यंत पाच मीटर जातात. खड्ड्याला मात्र 'तग्गू' म्हणायचे का 'खड्डा' यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी 'खड्डा' ठरला आणि मागून येणाऱ्या वाहनाला 'हिंद' ठरला. 'मागे' नको, कारण 'मागे गाडी' आणि 'मागे हो' यांत घाईत घोटाळा होतो. असा घोटाळा इंग्रजांतही आहे. त्यांच्या सायकल क्लबांत 'कार अप' म्हणजे काहींकडे मागून आलेली मोटार आणि काहींकडे समोरून आलेली. तेव्हा शब्द कोणता याला फारसे महत्त्व नाही. निघण्यापूर्वी फाटकातच सर्वांनी तो एकदा म्हणून घ्यावा, याला आहे.

खड्ड्याचा इशारा पुढून मागे जातो, वाहनाचा मागून पुढे. शेवटच्याने वळून पाहायचे आणि ओरडायचे. प्रत्येकाने तोच शब्द पुढच्याला द्यायचा. हिवाळ्यात, उसाचा हंगाम सुरू झाला की हे फार जपून करावे. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर गेला असे समजून मूल रस्त्यावर येते आणि दुसरी ट्रॉली अंगावर येते. म्हणून आमच्या मुलांचा इशारा नुसता 'ट्रॉली' नाही, 'ट्रॉली दोन!' असा आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचा तर आवाजच येत नाही. तिथे शेवटच्याचे डोळे हेच सर्वांचे कान. अर्थात कानात गाणी घालून आलेल्याला शेवटी काय, रांगेतच घेऊ नये.

एक शब्द मात्र रांगेत कोणीही म्हणू नये: 'मोकळा!' चौकात पहिला मुलगा मान वळवून 'मोकळा आहे, चला' म्हणतो आणि बाकीचे डोळे झाकून निघतात. पुन्हा गणित. वीस सायकली, प्रत्येकी सुमारे १.८ मीटर, मधली एकोणीस अंतरे ३ मीटरची. रांग झाली ९३ मीटरची. ती एका जागेवरून जायला १८ सेकंदांहून जरा जास्त वेळ लागतो. पहिल्याने पाहिलेला रस्ता शेवटच्यासाठी १८ सेकंद शिळा असतो. धोका सांगावा, निर्धास्तपणा ज्याने त्याने स्वतः पाहून घ्यावा. आणि मुळात वीसची रांग करूच नये. सहा-सहाच्या तुकड्या कराव्यात, मध्ये एक बस शिरेल एवढी जागा सोडावी, आणि प्रत्येक तुकडीच्या शेवटी जरा मोठे, आवाजाचे खणखणीत मूल ठेवावे. आमच्याकडे या जागेसाठी सध्या भांडणे होतात. मनगट मोडलेली ती मुलगी आता तिथेच असते, आणि तिचा 'हिंद!' पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो.

पालकांना एक विनंती करतो आणि बसतो. सभा संपल्यावर मुले सायकली घेऊन फाटकातून निघतील. तुम्ही मोटारसायकलीवर त्यांच्या शेजारून बोलत बोलत जाऊ नका. त्यांचे लक्ष तुमच्याकडे जाते आणि इशारा मध्येच तुटतो. रांग पुढे जाऊ द्या, आणि जरा अंतर ठेवून मागून या.