कंपवाताची गोळी आणि आर्विड कार्लसन
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत मी जमाखर्च मांडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तरीही यंदा आपल्या औषध भांडारातील एका गोळीविषयी बोलण्याची अनुमती मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. ती गोळी लेव्होडोपाची. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, बहुतेक रुग्णांची हालचाल तिच्यावर अवलंबून असते.

तिच्या कथेचा एक धागा आपल्या सर्पगंधेपर्यंत येतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहून या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मात्र ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात आर्विड कार्लसन याच रेसर्पीनवर काम करीत होते. ते दिलेले ससे निपचित पडत. त्यांना डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. हा निष्कर्ष १९५७ साली ‘नेचर’मध्ये जेमतेम पानभर मजकुरात प्रसिद्ध झाला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिन भरून यावयास हवे होते. ते आले नव्हते. वाढले होते डोपामिन. तोवर डोपामिनला कोणी स्वतंत्र महत्त्वच देत नसे. दुसरे द्रव्य तयार होतानाचा केवळ एक टप्पा, इतकीच त्याची ओळख होती. १९५८ मध्ये कार्लसन यांनी ते मेंदूत असल्याचे मोजून दाखविले. हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात ते सर्वाधिक साठलेले असते, हेही लुंडमध्येच लवकर सिद्ध झाले.

विद्वानांनी हे सहज मानले नाही. १९६० च्या लंडन येथील परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या ज्येष्ठांनी शंका घेतल्या. त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत डोपामिन फारच कमी आढळले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत तोंडावाटे देऊन रुग्ण हिंडतेफिरते केले. सशांपासून तेथवर दहा वर्षे गेली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हॉर्निकिएविच वगळले गेले, म्हणून दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यांची तक्रार रास्त होती.

त्या सशांविषयी वाचताना मी एका गोष्टीपाशी थांबलो. डोपाचा अंमल ओसरला की ते पुन्हा निपचित होत. माणसाच्या रक्तातही लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येतो.

दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडलेले एक आजोबा आपल्याकडे दाखल झाले. घरी त्यांच्या गोळीच्या वेळा सहा, दहा, दोन आणि सहा. आपल्या वॉर्डात औषधे आठ, दोन आणि आठला दिली जात. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण तिसऱ्या दिवशी त्यांना कूस वळवता येईना, घास गिळता येईना. आजी मला म्हणाल्या, “साहेब, पडायच्या आधी हे स्वतः बाजारात जात होते हो.” या रुग्णांना गोळ्या त्यांच्या वेळेवर द्याव्यात, असे आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यापूर्वीच मला लेखी कळविले होते. त्या पत्रावर ‘जादा मनुष्यबळ, तूर्त शक्य नाही’ असा शेरा माझ्याच हस्ताक्षरात आहे.

पुढे हिशेब मांडला तेव्हा एकही पद वाढवावे लागले नाही. खाटेवर एक लाल पत्रक आणि परिचारिकांच्या टेबलावर गजराचे घड्याळ, एवढेच लागले. आजोबांच्या वेळा पूर्ववत केल्यावर ते घास गिळू लागले. पण चालायला लागण्यास अपेक्षेपेक्षा बरेच अधिक दिवस गेले, आणि त्या दिवसांचे बिल आजींनी भरले. ती रक्कम गेल्या वर्षी विश्वस्तांच्या संमतीने त्यांना परत करण्यात आली. अहवालातील ‘परतावा’ या सदरात ती दिसेल.

रुग्णांच्या नातलगांना विनंती, की दाखल होताना गोळ्यांचे नाव, मात्रा आणि घड्याळातील वेळा कागदावर लिहून आणाव्यात आणि तो कागद प्रमुख परिचारिकेच्या हाती द्यावा. वेळ टळली, तर थेट माझ्या कक्षात यावे.