तहसीलदारांपुढची तारीख



शेतरस्त्याचा अर्ज तहसीलमध्ये दिला की आपण आधी पुढारी शोधतो. "साहेबांना तेवढा एक फोन करा." अहो, कशाला? मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदार न्यायाधीश नसूनही निवाडा देतात. अर्धन्यायिक काम म्हणतात ते हेच. दोन्ही बाजूंना नोटीस, म्हणणं, पुरावा, स्थळपाहणी आणि मग कारणांसह लेखी आदेश. फोनवर यातलं काय होणार?

घरच्या थोरल्या सुनेचं बघा. कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे. ज्वारी कुणाला किती काढून द्यायची ते तीच ठरवते, त्यासाठी सासऱ्यांना उठवत नाही. पण धाकटीचं न ऐकताच मधलीला पोतं दिलं, तर भांडण ठरलेलं. आणि शेत कुणाच्या नावावर, हे मात्र तिनं सांगायचं नाही, ते सासऱ्यांकडं. इथले सासरे म्हणजे दिवाणी न्यायालय. तहसीलदारांनी वाट मोकळी करून दिली म्हणून त्या जमिनीची मालकी ठरत नाही.

आता माझं मुख्य सांगणं. सहा महिने! वहिवाटीची वाट अडवली, तर त्या दिवसापासून सहा महिन्यांत कलम 5 खाली दावा लावायचा. आपलं काय होतं? जूनमध्ये शेजाऱ्यानं वाटेवर नांगर घातला. आपण म्हणतो, सोयाबीन निघू द्या. मग दिवाळी. मग तूर. जानेवारीत तहसीलला जातो, तोवर मुदत गेलेली! अहमदपूर असो की मुखेड, सगळीकडं हेच. पुन्हा सांगतो, सहा महिने. आणि ते वाट अडवल्यापासून, भावकीची बैठक फिसकटल्यापासून नव्हे.

वाट मुळातच नसेल आणि धुऱ्यावरून नवी हवी असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. तिथं ही सहा महिन्यांची अट नाही. पण खरोखर गरज आहे का, दुसरी वाट आहे का, हे तपासतात. आणि निर्णय पटला नाही तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

तारखेला हजर राहा. आदेशाची नक्कल मागून घ्या. आणि ज्यांची वाट यंदाच्या पेरणीत अडली, त्यांनी अडवल्याची तारीख आज वहीत लिहून ठेवा. अर्ज याच आठवड्यात द्या.