न दिसणारी कसर

केडगाव हे अहिल्यानगर शहराला लागून पुणे रस्त्यावर वसलेले उपनगर. तेथील एखाद्या घराचे कपाट उघडले, तर वीस वर्षांपूर्वीच्या विवाहाचे किंवा रेणुकामातेच्या नवरात्रोत्सवाचे चित्रीकरण तबकडीवर, म्हणजे सीडी अथवा डीव्हीडीवर, जपून ठेवलेले आढळावे. शाळा व कार्यालये यांच्या दप्तरांतही अशा तबकड्या असतात. सुई टेकत नाही, त्यामुळे तबकडी झिजत नाही. तेव्हा ती अक्षय होय, असा समज एके काळी रूढ होता. तो यथार्थ नव्हे.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिची जाडी अवघी १.२ मिलिमीटर. पारदर्शक प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर व त्यावर रोगणाचा लेप, अशी छापील सीडीची रचना असते. लेपाला इजा पोहोचली की हवा व दमटपणा धातूला गंजवतात आणि लेसरचा किरण नीट परावर्तित होत नाही. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी वेष्टनाच्या कागदातील गंधकामुळे तांबूस पडून निकामी झाल्या. संगणकावर एकदाच मुद्रित होणाऱ्या तबकड्यांत बहुधा सेंद्रिय रंगद्रव्य असते. ऊन व उष्णता यांनी ते विटते. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील कपाट त्यांस मुळीच मानवत नाही.

खरा धोका निराळाच आहे. प्रारंभीचे दोष वाचनयंत्र आपोआप सुधारून घेते. म्हणून ऱ्हास कोणाच्या ध्यानी येत नाही. दोषांनी मर्यादा ओलांडली की तबकडी एकाएकी मुकी होते. मोडी कागदास कसर लागली तर ती दिसते, आणि उरलेली अक्षरे वाचताही येतात. तबकडीची कसर दिसत नाही.

यावर उपाय एकच : वेळीच नक्कल. तबकडीवरील मजकूर दोन निरनिराळ्या साधनांवर उतरवून त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावे आणि नोंदवहीत तपासणीची तारीख लिहावी. मूळ तबकडी थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी उभी ठेवावी. तीवर चिकटपट्टी लावू नये, बॉलपेनने लिहू नये. पुसावयाची झाल्यास मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी. नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोय बहुधा नसते, हेही विसरता कामा नये. यंत्र उपलब्ध आहे आणि तबकडी अद्याप बोलते आहे, तोवरच शिक्षक व दप्तराधिकारी यांनी हे काम उरकावे. पुढच्या पिढीच्या हाती केवळ चकाकती वर्तुळे पडू नयेत.